एगनॉग: यातला 'नॉग' नेमका कोण?

सायसाखर

न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली. दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की दुकानात दुधाच्या फ्रीजमध्ये पिवळट रंगाची खोकी येऊन बसतात. एगनॉग. डिसेंबर संपला की गायब. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे बघून पुढे गेलो. या वर्षी आई पुण्याहून आली आहे, तिने खोक्यावरचा जायफळाचा फोटो बघितला आणि म्हणाली, "अरे, मसाला दूध दिसतंय, घे की." घेतलं.

घरी येऊन ग्लासात ओतलं तर ते ओतलं जाईना, घसरायला लागलं. घोट घेतला. वितळलेलं व्हॅनिला आइस्क्रीम, त्यात कुणीतरी श्रीखंडाचा मसाला सांडलाय असं काहीतरी. आईने एक घोट घेतला, शांतपणे ग्लास ठेवला आणि विचारलं, "यात अंडं आहे का?" मी म्हटलं, नावातच आहे. "मग नॉग म्हणजे काय?"

गाडी तिथेच अडली. शेजारच्या आयरिश आजींना विचारलं, त्या म्हणाल्या नॉग म्हणजे नॉग. ऑफिसात एकाने छातीठोकपणे सांगितलं की 'एग अँड ग्रॉग' म्हणता म्हणता एगनॉग झालं. खरं आहे का हे? आणि दूध, अंडं, दारू हे त्रिकूट एकत्र आणायची बुद्धी झाली कुणाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

प्रकाश टाकायला इथे रांग लागेल. मी आलं टाकून बसतो.

कोशकीटक

सायसाखर, ऑफिसातल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, चूक.

आधी ग्रॉग. ब्रिटिश अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा डगला घालायचा, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणायचे. १७४० मध्ये त्याने हुकूम काढला की खलाशांना रोजची रम नुसती द्यायची नाही, पाणी घालून द्यायची. पाणी घातलेल्या त्या रमला खलाशांनी रागाने त्याचंच नाव दिलं.

'नॉग' त्याआधीचा. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक भाग आहे, तिथल्या कडक जुन्या बिअरला नॉग म्हणत. १६९३ च्या एका पत्रात तो शब्द सापडतो. म्हणजे ग्रॉगचा जन्म व्हायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी नॉग ग्लासात होता.

तरी कुणी म्हणेल की असेना, अमेरिकेत दोन्ही मिसळले असतील. तर जोनाथन बाउचर नावाचा पाद्री मेरीलँडमध्ये राहायचा. १७७५ च्या सुमारास त्याने तिथल्या बोलीत एक कविता लिहिली. त्यात माणूस सांगतो की सकाळी एगनॉग आणि दुपारी ग्रॉग. लागोपाठच्या ओळींत, यमक जुळवून, दोन वेगळ्या वेळी घ्यायची दोन वेगळी पेयं! एकातून दुसरं झालं असतं तर बिचाऱ्याचं यमकच ढासळलं असतं. 'एगनॉग' शब्दाचा सर्वांत जुना दाखला म्हणून हीच ओळ दाखवतात.

दुसरा उमेदवार 'नॉगिन'. लाकूड कोरून केलेला छोटा पेला. नॉगिनमध्ये दिलेलं अंडं म्हणून एगनॉग, असं काहीजण मांडतात. मला बिअरवाला नॉग जास्त पटतो, कारण अंडं घातलेली गरम बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच. पण नॉरफोकच्या बिअरला तरी नॉग का म्हणत, तिथे कोश हात वर करतात.

सायसाखर

अंडं घातलेली गरम बिअर??

जुनाट

अंड्याला काय घाबरताय, आधी फाटलेल्या दुधापासून सुरुवात करू.

मध्ययुगात इंग्लंडात 'पॉसेट' नावाचं पेय होतं. दूध चांगलं तापवायचं आणि त्यात एल (एक जातीची बिअर) किंवा गोड वाइन ओतायची. दूध फाटणारच. ते फाटावं हाच हेतू. वर चोथ्याचा मऊ थर, खाली दारूमिश्रित निवळी. श्रीमंतांच्या घरी त्यात साखर, दालचिनी, जायफळ आणि पुढे अंडी पडायला लागली. त्यासाठी खास भांडं असे. दोन कान आणि तळापासून वर येणारी तोटी. तोटीने खालची निवळी ओढायची, वरचा लुसलुशीत थर चमच्याने खायचा. रुग्णाला, बाळंतिणीला, झोप न येणाऱ्याला पॉसेट. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये राजाच्या पहारेकऱ्यांना बेशुद्ध करायला लेडी मॅकबेथ औषध मिसळते ते त्यांच्या पॉसेटमध्येच. रात्री निजताना गरम पॉसेट घेणं इतकं सवयीचं होतं की कुणाला शंका येऊ नये.

आता हे घेणार कोण? दूध, अंडी, साखर, मसाले आणि स्पेनची शेरी वाइन. शहरातल्या गरिबाला यातलं एकही रोज परवडत नव्हतं.

नर्मदेचा_गोटा

दूध आणि अंडं एकत्र म्हणजे विरुद्ध आहार. आयुर्वेदात स्पष्ट निषिद्ध आहे. वर त्यात मद्य. सण साजरा करायला हीच घाण सापडली का यांना? आपलं कोजागिरीचं दूध काय वाईट आहे?

प्रयोगशाळा_आजी

गोटेराव, चरकसंहितेत विरुद्ध आहाराचं ठळक उदाहरण आहे ते दूध आणि मासे. त्यातही चिलिचिम नावाचा मासा खास नाव घेऊन वर्ज्य केला आहे. अंड्याचं वचन तुमच्याकडे असेल तर अध्यायासकट द्या, वाचायला आवडेल. नसेल तर तुमच्याच लहानपणीच्या तालमी आठवा. पहाटे जोर मारून झाले की दुधात कच्चं अंडं फेटून घटाघटा पिणारी पोरं मी गल्लीत पाहिली आहेत. त्यांना कुणी घाण म्हटल्याचं आठवत नाही.

चहाबाज

आमच्याकडे सर्दी झाली की आजोबा त्यात ब्रँडीचं एक टोपण ओतायचे. म्हणजे मी सहाव्या वर्षी एगनॉग प्यायलोय. आज कळतंय.

नर्मदेचा_गोटा

ते औषध होतं.

जुनाट

पॉसेटही औषधच होतं हो! तोच तर रस्ता आहे. आधी पथ्याचं, मग श्रीमंतांच्या मेजवानीचं, मग सगळ्यांच्या सणाचं.

पुढचा भाग अमेरिकेत घडतो. वसाहतींमध्ये मोकळी कुरणं, दारात गाय, परसात कोंबड्या. इंग्लंडात जे दुर्मीळ ते इथे घरचंच. अडचण होती दारूची. युरोपातून येणारी वाइन आणि ब्रँडी महाग, वर कर. पण खाली कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे होते. साखर काढून उरलेली मळी जहाजाने न्यू इंग्लंडला यायची, तिथे तिची रम गाळली जायची. स्वस्त आणि मुबलक. म्हणून शेरीच्या जागी रम आली.

इथे एक गोष्ट गिळून पुढे जाता येत नाही. ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर चालत होते, आणि न्यू इंग्लंडची रम पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन माणसं विकत घ्यायला वापरली जात होती. ग्लासातली रम स्वस्त का होती, याचं उत्तर हे आहे.

स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटिश बेटांची रम मिळणं अवघड झालं, तशी देशी व्हिस्की शिरली. दक्षिणेकडे आजही बोर्बन घालतात.

आणि ती गरम बिअर राहिली. तिचं नाव 'फ्लिप'. बिअर, रम, काकवी आणि बरेचदा फेटलेलं अंडं एका मोठ्या भांड्यात घ्यायचं. खानावळीच्या चुलीत एक लोखंडी सळई कायम निखाऱ्यात खुपसलेली असे. गिऱ्हाईक आलं की ती लालबुंद सळई उचलून थेट भांड्यात. फोडणीची तापलेली पळी आमटीत बुडवल्यावर जो चर्र आवाज येतो, तो दहापट करा. पेय उसळून फेसाळायचं आणि काकवी जळून किंचित कडवट खरपूस चव यायची. एगनॉगचा हा वाह्यात चुलतभाऊ म्हणा.

कोशकीटक

जुनाट, त्या सळईला 'लॉगरहेड' म्हणायचे. इंग्रजीत दोघांची जुंपली की 'अॅट लॉगरहेड्स' म्हणतात, ते दारुडे या सळया उगारून भांडायचे म्हणून, असं सांगतात. गोष्ट छान आहे. छान आहे म्हणूनच मी तिच्यावर पटकन विश्वास ठेवणार नाही.

सायसाखर

पण यात नाताळ कुठे आला? बाउचरचा माणूस तर सकाळी सकाळी पितोय.

जुनाट

तेच तर! सुरुवातीला नाताळचा संबंध नव्हताच. आयझॅक वेल्ड नावाचा आयरिश प्रवासी १७९५ ते १७९७ अमेरिकेत फिरला. त्याचं प्रवासवर्णन १७९९ मध्ये छापलं गेलं. त्यात फिलाडेल्फियाकडचा एक प्रसंग आहे. घोडागाडीतले प्रवासी पुढे निघण्याआधी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, प्रत्येकी भरपूर एगनॉग पितात. काय घातलंय तेही तो लिहितो: ताजं दूध, अंडी, रम आणि साखर, एकत्र फेटून. बस्स. हा प्रवासाला निघतानाचा नाश्ता आहे, आपण दहीपोहे खाऊन निघतो तसा.

सणाचं पेय ते हळूहळू होत गेलं. मोठं भांडं, बारा अंडी, घरभर पाहुणे, आणि थंडीमुळे दूध लवकर नासत नाही, हे सगळं डिसेंबरातच जमून येतं. १८६२ मध्ये जेरी थॉमस या न्यूयॉर्कच्या बारवाल्याने मद्यमिश्रणांचं पुस्तक छापलं. तोपर्यंत तो बिनधास्त लिहितो की हे अमेरिकन पेय आहे आणि दक्षिणेत नाताळात त्यावाचून चालतच नाही.

मांडवी_काठ

नमस्कार मंडळी, पणजीहून. इंग्रज आणि अमेरिकन झाले, आता थोडं आमचं ऐका. एगनॉग ज्यात वाढतात ते काचेचं मोठं भांडं म्हणजे 'पंच बोल'. या 'पंच' शब्दाचं नातं आपल्याकडे लागतं.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, गोवा असा हिंडला. जुन्नरला मोगल सुभेदाराच्या जनानखान्यात कुणी आजारी पडलं तेव्हा उपचाराला बोलावलं होतं तोच हा. तो लिहितो की सर्वांत चांगली अराक नावाची दारू 'नेरुले' इथे होते, आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचं गात्रं ढिली करणारं पेय करतात. पाँच म्हणजे हिंदुस्थानीत पाच, कारण जिन्नस पाच. नेरुले म्हणजे आमच्या बार्देशातलं नेरूल. माझी मावशी तिथे राहते. तिला सांगितलं तर म्हणाली, मग आता काय, बोर्ड लावूं?

कोशकीटक

मावशींना बोर्ड जरा बारीक अक्षरात लावायला सांगा. फ्रायरच्या आधीही, १६३२ च्या एका इंग्रजी पत्रात 'पंच' येतो. तो 'पंचन' नावाच्या दारूच्या पिंपावरून आला असाही एक पक्ष आहे. पण 'पाच'ची व्युत्पत्ती निदान फ्रायरइतकी जुनी आहे, आणि ती त्याने नेरूलचा उल्लेख करूनच दिली आहे, एवढं बोर्डावर बसेल.

मांडवी_काठ

चालेल. :) आता अंड्याचं. गोव्यात नाताळात एगनॉगची परंपरा नाही. नेवऱ्यो, दोदोल, कुलकुल आणि बेबिंका. पण बेबिंकेत एका वेळी दहा-बारा तरी पिवळे बलक जातात, आणि बलक, साखर, जायफळ हे तेच त्रिकूट. दुधाच्या जागी नारळाचा रस. पोर्तुगालच्या मठांमध्ये पांढरा बलक कपड्यांना खळ करायला आणि वाइन नितळायला जायचा, उरलेल्या पिवळ्यातून जोगिणींनी गोडधोड काढलं, अशी तिथल्या मिठाईची कथा सांगतात. मेक्सिकोत प्वेब्लाच्या मठातल्या जोगिणींच्या नावावर 'रोम्पोपे' आहे. ते तर सरळ बलक, दूध, साखर आणि मद्य, म्हणजे एगनॉगचं सख्खं भावंड. हॉलंडचं 'आडव्होकाट' चमच्याने खावं इतकं घट्ट. पोर्तो रिकोचं 'कोकिटो' नारळाच्या दुधातलं, त्यात बहुतेक घरी अंडं नसतंच. गोटेराव, तुमच्यासाठी हे चालेल. रम तेवढी डोळे मिटून घ्या.

वसईकर_मामा

आमच्याकडे पण एगनॉग वगैरे नाय. इंग्रजांच्या क्लबात असेल. आमच्या घरी थंडीपावसात आणि लग्नाकार्यात खिमाड. गावठी दारू, साखर, दालचिनी, लवंग, गवती चहा घालून उकळायची आणि छोट्या कपात गरम गरम द्यायची. दूध नाय, अंडं नाय. माझी आई म्हणायची, खिमाड पिताना कुणी भांडत नाय, प्यायल्यावर भांडतात.

जुनाट

मामा, आईंचं वाक्य अमेरिकन लष्कराला उपयोगी पडलं असतं.

२४ डिसेंबर १८२६, वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. सुपरिंटेंडंट सिल्व्हेनस थेअर कडक माणूस, त्याने आवारात दारूबंदी केलेली. कॅडेटना नाताळच्या एगनॉगशिवाय करमेना. त्यांनी आसपासच्या गुत्त्यांतून व्हिस्कीचे बुधले चोरून आणले आणि नॉर्थ बॅरॅकमध्ये बेत केला. पहाटेपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या, जिन्याचे कठडे उपटले गेले, तलवारी निघाल्या, पिस्तूलही उडालं. कॅप्टन हिचकॉक आवाज ऐकून तपासायला एका खोलीत शिरले. मागोमाग एक कॅडेट धावत आत आला आणि ओरडला, "ग्रॉग लपवा रे, हिचकॉक येतोय!" हिचकॉक समोरच उभे. त्यांनी त्याला खोलीत जाऊन झोपायचा हुकूम दिला आणि तो खरंच जाऊन झोपला. त्यामुळे पुढच्या दंग्यात तो नव्हता आणि कोर्ट मार्शलमधून वाचला. वीसेक कॅडेट अडकले. वाचलेल्या कॅडेटचं नाव जेफरसन डेव्हिस. १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा तो अध्यक्ष झाला.

कोशकीटक

तो 'ग्रॉग' म्हणाला?! समोर एगनॉग असताना? माझ्या यमकाच्या मुद्द्याची वाट लावली की या मुलाने.

जुनाट

तोवर ग्रॉग कुठल्याही दारूला म्हणायला लागले होते. तुमचं यमक सुरक्षित आहे.

एक गंमत राहिली. जॉर्ज वॉशिंग्टनची म्हणून एक एगनॉगची कृती दर डिसेंबरात फिरते. त्यात ब्रँडी, राय व्हिस्की, जमैका रम आणि शेरी, चारही. त्यांच्या कागदपत्रांत या कृतीचा मागमूस नाही. राय व्हिस्कीची भट्टी मात्र त्यांची खरोखर होती, १७९७ मध्ये सुरू झाली आणि १७९९ मध्ये तिथे जवळजवळ ११,००० गॅलन दारू गाळली गेली. आणि त्यांच्या घराचं नाव माउंट व्हर्नन. ते ठेवलं त्यांच्या सावत्र भावाने, लॉरेन्सने, आपल्या जुन्या अॅडमिरलवरून. कोणता अॅडमिरल? कोशकीटकांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलेला, ग्रोग्रॅमचा डगलेवाला.

बागायतदार

गुहागरहून लिहितोय. इतकी चर्चा झाली, पण ज्याचा फोटो बघून आई फसल्या त्या जायफळाबद्दल कुणी बोलेना म्हणून लॉगिन केलं.

ते खोक्यातलं नॉग सोडा, पण घरी करणार असाल तर जायफळाची तयार पूड वापरू नका. अख्खं फळ घ्या, टरफल फोडा, ऐन वेळी किसणीवर दोन-चार हात. पूड महिन्याभरात लाकडाचा भुसा होते. आमच्या नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळाची झाडं आहेत. फळ पिकलं की मधोमध उकलतं आणि आत काळ्या बीवर लाल जाळी दिसते. ती जाळी म्हणजे पत्री, बी म्हणजे जायफळ. रोप बियाणापासून लावलं तर नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, सहा-सात वर्षं पाणी घालायचं आणि शेवटी नर निघायचा. म्हणून आता कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' वगैरे जाती काढल्यात.

आणि सायसाखर, तुम्ही न्यू जर्सीत, हडसन नदीच्या काठी राहता म्हणून सांगतो. एके काळी जायफळ फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर व्हायचं. त्यातलं रुन हे चिमुकलं बेट इंग्रजांच्या दाव्यात होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रुन डचांकडे राहिलं आणि इंग्रजांकडे तुमच्या समोरचं मॅनहॅटन. डचांना तेव्हा सौदा फायद्याचा वाटला असणार.

सायसाखर

मंडळी, प्रयोग केला. अहवाल देतो.

सहा पिवळे बलक, १५० ग्रॅम साखर, ७५० मिली दूध, २५० मिली क्रीम, २०० मिली रम. बलक आणि साखर फिकट होईपर्यंत फेटली. दूध तापवलं. सगळे बलक एकदम दुधात ओतले. तीस सेकंदांत गोड भुर्जी तयार. आई मागे उभी राहून बघत होती. "बासुंदीत अंडं फोडल्यावर दुसरं काय होणार," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला उलट केलं. गरम दुधाचा एक डाव बलकात, सतत ढवळत. मग दुसरा डाव. मग तिसरा. बलक कोमट झाले की ते उरलेल्या दुधात. मंद आचेवर चमच्याच्या पाठीला पातळ थर धरेपर्यंत. बोटाने थरावर रेघ ओढली तर रेघ मिटत नाही, तिथे थांबायचं. थर्मामीटर ७१ अंश सेल्सिअस दाखवत होता. गार करून क्रीम आणि रम, वर किसलेलं जायफळ. खोक्यातल्याशी काही संबंध नाही हो! पातळ, हलकं, आणि रम मागून येते.

खोकं फेकायच्या आधी घटक वाचले. त्यात ग्वार गम आहे. म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. ते घसरत का होतं ते कळलं.

दोन प्रश्न. सहा पांढऱ्या बलकांचं काय करू? आणि कुठेतरी वाचलं की हे तीन आठवडे मुरवतात. बरणी फ्रीजमध्ये ठेवून देऊ का?

प्रयोगशाळा_आजी

थांबा. झाकण लावू नका.

मुरवण्याची गोष्ट खरी आहे आणि ती माझ्या विषयातली आहे. रेबेका लान्सफील्ड हे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचे ए, बी, सी असे गट त्यांनी पाडले. मी तीस वर्षं ते गट फळ्यावर लिहिले. त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधन संस्थेत होत्या आणि दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास प्रयोगशाळेसाठी एगनॉग करून नाताळपर्यंत थंडीत मुरवायच्या. अंडी कच्चीच. पुढे त्याच प्रयोगशाळेत व्हिन्सेंट फिशेट्टी यांनी त्या एगनॉगमध्ये मुद्दाम साल्मोनेला सोडून पाहिले. आठवड्याने जिवाणू जिवंत होते. तीन आठवड्यांनी एकही सापडला नाही.

पण त्यात अल्कोहोल सुमारे २० टक्के होतं. तुमचं गणित मी केलं. २०० मिली रममध्ये ८० मिली अल्कोहोल, एकूण पेय साधारण १४०० मिली. म्हणजे ६ टक्केसुद्धा नाही. एवढ्यात जिवाणू मरत नाहीत. तुम्ही बलक शिजवलेत म्हणून हे तीन-चार दिवसांत फ्रीजमधून काढून पिऊन टाका. मुरवायचंच असेल तर जवळजवळ निम्मी बरणी रम हवी, आणि फ्रीजमध्येच. लहान मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणूस यांना कच्च्या अंड्याचं कुठलंच एगनॉग नको, कितीही मुरलेलं असो.

मांडवी_काठ

पांढऱ्या बलकाचं मी सांगतो. जुन्या कृतींत तो फेकत नसत. ताठ होईपर्यंत फेटून वरून अलगद मिसळायचे, म्हणून वाटीत फेस तरंगायचा. पण तो कच्चा राहतो. आजी ओरडतील. मेरिंग करा, म्हणजे साखर घालून फेटायचा आणि मंद ओव्हनमध्ये दोन तास.

नर्मदेचा_गोटा

दूध, साखर, जायफळ. बाकीचं सगळं काढून टाकलं तर पेय उत्तम आहे.

चहाबाज

गोटेराव सुधारले. धागा सार्थकी.

सायसाखर

आजींच्या हुकुमाप्रमाणे दुसरी बरणी केली. सहा बलक, १५० ग्रॅम साखर, दूध-क्रीम मिळून ४०० मिली, रम ६०० मिली. बलक याही वेळी शिजवून घेतले. गार झाल्यावर रम, झाकण, वर तारीख.

प्रयोगशाळा_आजी

आता बरोबर, २० टक्क्यांच्या आसपास. बरणी उकळत्या पाण्यात घालून घेतली होती ना?

सायसाखर

हो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आईने आणलेल्या मेतकुटाच्या डब्यामागे ठेवली आहे.

वसईकर_मामा

आईला सांगितलं का?

सायसाखर

नाही. पण आज सकाळी डबा जागेवरून हललेला होता आणि बरणीवरच्या तारखेखाली तिच्या अक्षरात लिहिलंय: "जायफळ कमी आहे."